हमाल पोते उघडून पाहत नाही

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने ग्राहकाच्या शोधात ढवळाढवळ केली तर बिघडले कुठे, असे चांगली शिकलेली माणसेही सहज विचारतात. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा. एक, हे सारे यंत्र करते. कोणी माणूस बसून आपले शोध वाचत नाही. दोन, ग्राहक शेवटी हव्या त्या ठिकाणी पोचतोच. मधल्या मध्ये कंपनीला चार पैसे सुटले तर आपल्या खिशातून काय गेले? तीन, आता ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्ह आले, तेव्हा हा विषय जुना झाला. चार, गूगलला आपले सगळेच ठाऊक आहे, मग बिचाऱ्या नेटवाल्यालाच बोल का लावायचा? हा पक्ष वेडगळ नाही. म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवे.

आधी घडलेली गोष्ट पाहू. बर्कलीच्या इंटरनॅशनल कॉम्प्युटर सायन्स इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी ‘नेटलायझर’ नावाचे साधन लोकांसाठी खुले केले होते. आपल्या घरची जोडणी सरळ चालते की नाही, हे ते तपासून देई. अमेरिकेतल्या काही कंपन्यांच्या ग्राहकांबाबत त्यात विचित्र नोंदी दिसू लागल्या आणि ऑगस्ट 2011 मध्ये प्रकरण बाहेर फुटले. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. हे काम बहुतेक घरांसाठी नेटवालाच करतो. या कंपन्यांचे सर्व्हर याहू किंवा बिंगचा पत्ता विचारला की खरा पत्ता न देता पॅक्सफायर नावाच्या कंपनीशी जोडलेल्या यंत्राचा पत्ता देत होते. ग्राहकाने ब्राउझरच्या शोधचौकटीत ‘ॲपल’ किंवा ‘डेल’ असा शब्द लिहिला की समोर शोधाचे निकाल येतच नसत. दलालीच्या दुव्यांवरून फिरवून त्याला थेट त्या कंपनीच्या दुकानात आणून सोडले जाई आणि ‘गिऱ्हाईक आणून दिले’ म्हणून मधल्यांचे कमिशन निघे. असे सुमारे 165 शब्द सापडले. बाकीचे शोध मुकाट्याने खऱ्या सर्च इंजिनकडे पाठवले जात, त्यामुळे कोणाला संशय येत नसे.

आता ‘नुकसान काय झाले’ हा मुद्दा घेऊ. ग्राहकाने विचारली होती माहिती, त्याला नेले दुकानात. ‘ॲपल’ शोधणाऱ्याला कदाचित त्या कंपनीच्या फोनबद्दलच्या तक्रारी वाचायच्या असतील, दुसरीकडचे भाव पाहायचे असतील, किंवा नुसते सफरचंद हवे असेल. निकालांच्या पानावर हे सगळे असते. ते पानच गायब करणे म्हणजे ‘मंडई कुठे?’ असे विचारणाऱ्याला रिक्षावाल्याने ओळखीच्या दुकानासमोर उतरवण्यासारखे आहे. रिक्षावाल्याशी निदान भांडता तरी येते. इथे रिक्षा वळली हेच कळत नाही. नागवला गेला तो एकटा ग्राहकही नव्हे. जे गिऱ्हाईक आपल्या पायांनी येणारच होते, त्याच्यावर दुकानदाराला दलाली मोजावी लागली.

‘माणूस वाचत नाही, यंत्र वाचते’ या समाधानात तर तथ्य अगदीच कमी. 165 शब्द वेचायचे तर त्या सर्च इंजिनकडे जाणारा प्रत्येक शोध आधी मधल्या यंत्रातून जावा लागतो. कमिशन ‘डेल’वर मिळायचे, पण त्याच वाटेने कोणाची मूळव्याध जात होती, कोणाचा घटस्फोट, कोणाचे थकलेले कर्ज. शिवाय ऐकलेले माणूस विसरतो. यंत्राला विसरायला मुद्दाम सांगावे लागते. मधल्या यंत्राची भोकेही ग्राहकाच्याच माथी येतात. चुकीचे नाव टंकले की जाहिरातींचे पान दाखवायची युक्ती काही कंपन्यांनी दुसऱ्यांच्या सर्व्हरवर सोपवली होती. त्यातल्या एका व्यवस्थेतल्या चुकीमुळे कोणत्याही नामांकित संकेतस्थळाच्या नावाखाली भलताच मजकूर घुसवता येतो, हे डॅन कामिन्स्की या सुरक्षातज्ज्ञाने 2008 मध्ये करून दाखवले.

हे अमेरिकेतले खूळ म्हणून सोडून द्यावे, तर तेही जमत नाही. जून 2015 मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रॅमरला एअरटेलच्या 3जी जोडणीवर स्वतःचेच संकेतस्थळ पाहताना त्यात आपण न लिहिलेला कोड दिसला. पान सर्व्हरवरून निघून फोनपर्यंत येताना वाटेतच तो घुसवला जात होता. त्याने तो उघड केला, तेव्हा ज्या इस्रायली कंपनीचे हे तंत्र होते तिच्या वकिलांची नोटीस त्यालाच आली. एअरटेलने नोटिशीशी आपला संबंध नसल्याचे सांगितले आणि ग्राहकांना डेटावापर कळावा यासाठी ही चाचणी होती, असा खुलासा केला. हेतू तोच होता असे धरले, तरी ‘पत्रात मजकूर घालायची परवानगी कोणी दिली’ हा प्रश्न उरतोच. कुंपणाने शेत खाल्ले आणि शेत पाहायला गेलेल्यालाच चोर ठरवले.

तिसरा मुद्दा कुलपाचा. इथे पूर्वपक्षाला त्याचे माप दिले पाहिजे. कुलपामागची एचटीटीपीएस व्यवस्था सर्वत्र आल्यामुळे 2011 सारखी शोध वळवण्याची किंवा 2015 सारखी पानात कोड घालण्याची वाट बरीचशी बंद झाली. पण कुलूप पाकिटाला आहे; पाकिटावरचे नाव अजून बहुतेकदा उघडेच असते. डीएनएसला विचारलेले नाव नेटवाल्याला दिसते. ते झाकले तरी जोडणी सुरू होतानाच्या पहिल्या हाकेत संकेतस्थळाचे नाव बहुधा उघडे जाते. नुसत्या नावाने काय कळणार, असे ज्यांना वाटते त्यांनी एका घरातली एक रात्र कल्पून पाहावी. पावणेबाराला पॅथॉलॉजी लॅबचे संकेतस्थळ, दहा मिनिटांनी कर्करोग रुग्णालयाचे, मग विमा कंपनीचे, आणि पहाटे दोनला सोनेतारण कर्ज देणाऱ्या कंपनीचे. एकही शब्द न वाचता त्या घराची हकिकत समजली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर 2021 मध्ये सहा मोठ्या नेट कंपन्यांवर अहवाल दिला, त्यातही हेच दिसते: ब्राउझिंगची माहिती गोळा करून ग्राहकांचे वंश, लैंगिक कल अशा नाजूक बाबींनुसार गट पाडले जात होते. आणि ज्यांची भिस्त ‘इन्कॉग्निटो’वर आहे, त्यांनी ध्यानात ठेवावे की त्याने घरातल्यांपासून इतिहास लपतो, नेटवाल्यापासून नाही.

राहिला गूगलचा मुद्दा. गूगल पाहते हे खरे. पण एकाच्या दोषाने दुसऱ्याला परवाना मिळत नाही. शिवाय नात्यात फरक आहे. सर्च इंजिन आज बदलता येते. सोसायटीत एकाच कंपनीची वायर आली असेल तर नेटवाला बदलायला घर बदलावे लागते. त्याला आपण दरमहा पैसे मोजतो, ते वाहून नेण्याचे. आपल्याकडे पाहण्याचे नव्हे.

मग उपाय काय? ‘आम्ही पाहत नाही’ या वचनावर विसंबणे हा उपाय नव्हे. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ऑक्टोबर 2016 मध्ये ग्राहकाच्या संमतीचे नियम केले. पुढच्या एप्रिलपर्यंत काँग्रेसने आणि अध्यक्षांनी ते रद्दही केले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपण मूलभूत हक्क ठरले आणि 2023 मध्ये डिजिटल माहितीचा कायदाही झाला. कायदा हवाच, पण डोकावण्याची सोयच काढून घेणे त्याहून पक्के. कॅन्सस सिटीतला आल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीचे सामान पुरवणारा व्यावसायिक. टेलिफोन ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात, असा त्याला संशय होता, असे सांगतात. त्याने ऑपरेटरकडून शपथ घेतली नाही. ऑपरेटरच लागणार नाही असे स्वयंचलित एक्सचेंज शोधून 1891 मध्ये पेटंट घेतले.

आजचे एन्क्रिप्टेड डीएनएस, म्हणजे विचारलेले नाव वाटेतल्यांना दिसू नये असे झाकून पाठवणे, हे त्याच जातीचे काम. त्याचा पुरस्कार केला म्हणून ब्रिटनमधल्या नेट कंपन्यांच्या संघटनेने 2019 मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाला ‘इंटरनेट खलनायक’ या किताबासाठी नामांकन दिले. मुलांसाठीची गाळणी निकामी होईल, ही त्यांची तक्रार. टीका झाल्यावर नामांकन मागे घेतले गेले. मुलांची काळजी रास्त आहे, पण गाळणी घरच्या फोनवर, पालकांच्या हाताने लावता येते. हेही खरे की असे केल्याने विश्वास नाहीसा होत नाही, नेटवाल्याकडून डीएनएस सेवेकडे सरकतो. मात्र ती सेवा आपण निवडलेली असते आणि न पटल्यास मिनिटात बदलता येते.

मार्केट यार्डातला हमाल पाठीवरचे पोते उघडून पाहत नाही आणि ‘मुगाचे गिऱ्हाईक मीच आणले’ म्हणून दलालीही मागत नाही. महिन्याला शेकडो रुपये घेणाऱ्या कंपनीकडून तेवढीच अपेक्षा आहे. ती पुरी होईपर्यंत आपण एक करावे. ॲन्ड्रॉइड 9 किंवा त्यापुढचा फोन असेल तर सेटिंगमधल्या नेटवर्कच्या भागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधावे आणि तिथे आपण निवडलेल्या सेवेचे नाव लिहावे. सगळ्या खिडक्या बंद होणार नाहीत, पण एक मोठी खिडकी बंद होईल. वाचून झाल्यावर लगेच करा. दोन मिनिटांचे काम आहे.