वॉकर चालायचा, पण कशावर?

वॉकर या इंग्रजी आडनावाचा मूळपुरुष फिरस्ता असावा, असं वाटतं. तो चालायचा खरा, पण जागच्या जागी. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ नि तेलकट असे. ते कुंडात घालून, वर शिळं मूत्र ओतून अनवाणी पायांनी तुडवायचं. अमोनियानं तेल सुटे, कापड आटून दाट होई. मुलतानी मातीसारखी मातीही वापरत. 1185 च्या नोंदीत यॉर्कशरमध्ये टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाची कापड कुटणारी पाणचक्की सापडते. लाकडी हातोडे आले, पाय सुटले. आडनाव मात्र चिकटलं. त्यातही प्रांतभेद आहेच! इंग्लंडच्या उत्तरेत वॉकर, दक्षिणेत आणि पूर्वेकडे फुलर, डेव्हन-कॉर्नवॉलकडे टकर. धंदा तिघांचा एकच, आणि दर्पही.