जावामधील व्हेरिएबल हायडिंग आणि मेथड ओव्हररायडिंग : नेमका फरक काय?

पहिल्या नोकरीत तिकिटांच्या एका ॲपवर काम करताना माझा अख्खा दिवस एका बगमध्ये गेला होता. कोड व्यवस्थित कंपाइल व्हायचा, एररही यायची नाही, पण ज्येष्ठ नागरिकांना सवलत काही मिळत नव्हती. चूक एका ओळीची होती. तीच आज समजून घेऊ.

उदाहरण

समजा, 'तिकीट' हा पॅरेंट क्लास आहे. त्यात 'सवलत' हे व्हेरिएबल आहे आणि त्याची व्हॅल्यू ० आहे. 'भाडे' ही मेथड ही सवलत वजा करून रक्कम देते. आता 'ज्येष्ठतिकीट' हा चाइल्ड क्लास बनवला आणि त्यात 'सवलत' पुन्हा डिक्लेअर करून ५० टक्के ठेवली. १०० रुपयांच्या प्रवासाला भाडं किती? आपल्याला वाटतं ५०, पण उत्तर येतं १००!

व्हेरिएबल हायडिंग

चाइल्डमधल्या 'सवलत'ने पॅरेंटची 'सवलत' बदलली नाही, फक्त झाकली. एकाच ऑब्जेक्टमध्ये आता दोन वेगवेगळी व्हेरिएबल्स आहेत. कोणतं वापरायचं हे कंपायलर कोड कंपाइल होतानाच ठरवतो, आणि त्यासाठी रेफरन्सचा टाइप बघतो. 'भाडे' ही मेथड 'तिकीट' क्लासमध्ये लिहिलेली आहे, त्यामुळे तिला तिथलीच ० दिसते.

मेथड ओव्हररायडिंग

आता व्हेरिएबलऐवजी 'सवलत मिळवा' अशी मेथड लिहा. पॅरेंटमध्ये ती ० देईल, चाइल्डमध्ये ओव्हरराइड करून ५०. 'भाडे' हिला कॉल करेल. इथे निर्णय प्रोग्राम चालू असताना होतो. जेव्हीएम रेफरन्सचा टाइप न बघता ऑब्जेक्ट खरोखर कोणत्या क्लासचा आहे ते बघतं. म्हणून भाडं बरोबर ५० येतं.

थोडक्यात, व्हेरिएबल रेफरन्सच्या टाइपवरून ठरतं, मेथड ऑब्जेक्टवरून.

हेही लक्षात ठेवा

• स्टॅटिक मेथड ओव्हरराइड होत नाही, तीसुद्धा हाइडच होते.
• प्रायव्हेट मेथड ओव्हरराइड करता येत नाही.
• पॅरेंटचं झाकलेलं व्हेरिएबल चाइल्डमध्ये 'सुपर' वापरून मिळतं.
• २००४ मध्ये आलेल्या जावा ५ पासून मेथडवर '@ओव्हरराइड' लिहिता येतं. मेथडचं नाव चुकलं तर कंपायलर लगेच सांगतो. व्हेरिएबलवर मात्र ते लिहिता येत नाही.
• कोटलिनमध्ये पॅरेंटमधली प्रॉपर्टी प्रायव्हेट नसेल, तर चाइल्डमध्ये 'ओव्हरराइड' न लिहिता तेच नाव दिल्यास एरर येते. जावा मात्र गप्प बसतं.

मग करायचं काय?

पॅरेंटमधल्या व्हेरिएबलचं नाव चाइल्डमध्ये पुन्हा डिक्लेअर करू नका. ते प्रायव्हेट ठेवा आणि व्हॅल्यू कन्स्ट्रक्टरमधून द्या किंवा मेथड ओव्हरराइड करा. इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न आला तर हे उदाहरण सांगून टाका. आणि खऱ्या ॲपमध्ये विसरलात, तर एरर येणार नाही. एखाद्या आजोबांच्या खिशातून मात्र ५० रुपये जास्त जातील.