तुरुंगाच्या दाराबाहेर : तुरिनमधील डॉन बॉस्को यांच्या कार्याकडे पुन्हा पाहताना

दरवर्षी ३१ जानेवारीला संत जॉन बॉस्को यांच्या सणानिमित्त आपल्याकडे जी प्रवचने होतात त्यांत नवव्या वर्षी पडलेले स्वप्न आणि मुलांना जमविण्यासाठी केलेल्या दोरावरच्या कसरती या दोन गोष्टी हटकून येतात. मुलांचा हसतमुख मित्र अशी त्यांची एक गोड प्रतिमा त्यामुळे आपल्या मनावर ठसली आहे. त्या प्रतिमेविषयी आमची तक्रार नाही. तथापि मारामाऱ्या करणारी, शाळा सोडलेली, पोलीस चौकीची ओळख झालेली मुले ज्यांच्या धर्मग्रामात आहेत (आणि आज ती कोणाच्या धर्मग्रामात नाहीत?) त्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना तिचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होईल तो या कार्याच्या मुळाशी असलेल्या इतिहासाचा. आणि तो इतिहास सुरू होतो तुरुंगात.

जॉन बॉस्को यांना ५ जून १८४१ रोजी गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते तुरिन शहरात असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या चर्चला लागून असलेल्या निवासात पुढील अध्ययनासाठी दाखल झाले. तेथील त्यांचे मार्गदर्शक फादर जोझेफ काफास्सो हे फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना वधस्तंभापर्यंत सोबत करीत. काफास्सो यांना १९४७ साली संतपद मिळाले. नवदीक्षित धर्मगुरूला नीतिशास्त्राचे पाठ देऊनच ते थांबले नाहीत, तर त्याला त्यांनी शहरातील तुरुंगांतही नेले. तेथे बॉस्को यांना बारा ते अठरा वर्षे वयाची कितीतरी मुले आढळली. अंगाने धडधाकट, बुद्धीने तल्लख, परंतु रिकामी बसलेली, उवा-पिसवांनी गांजलेली, भाकरीला आणि देवाच्या शब्दाला सारखीच पारखी झालेली. त्याहूनही त्यांना अस्वस्थ केले ते दुसऱ्या एका गोष्टीने. चांगले वागण्याचा निश्चय करून सुटलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा आत आलेली दिसत. त्यांनी कारण शोधले तेव्हा आढळले, की बाहेर या मुलांचे कोणीच नव्हते. बाहेर एखादा मित्र असता, सणवारी त्यांची विचारपूस करणारा कोणी असता, तर यांपैकी कितीजण परत आले असते, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांच्या पुढील सर्व कार्याचा उगम या प्रश्नात आहे.

त्या काळी तुरिन ही सार्डिनियाच्या राज्याची राजधानी होती. शहर वाढत होते, नव्या इमारती उठत होत्या, आणि डोंगराळ भागांतून गवंड्यांच्या हाताखाली राबणारी व धुराडी साफ करणारी पोरे कामासाठी येत होती. घर दूर, मालक कठोर, आणि धर्मग्राम तर मुळीच नाही, कारण धर्मग्रामाची नोंद घरावरून होते आणि यांना घर नव्हते. शहराच्या कडेच्या वस्त्यांत अशा पोरांच्या टोळ्या दगडधोंड्यांनी लढत. शासनाने यावर एक उपाय योजला होता : १८४५ साली शहराबाहेर ‘जनेराला’ नावाचे मुलांचे सुधारगृह उघडण्यात आले. बॉस्को तेथेही जात असत. पण त्यांचे लक्ष मूल तेथे पोहोचण्यापूर्वीच्या दिवसांवर होते.

८ डिसेंबर १८४१ रोजी मिस्सेची वस्त्रे घालण्याच्या खोलीत एक अनोळखी पोर शिरले, त्याला मिस्सेची सेवा करता येत नाही म्हणून चर्चच्या सेवकाने काठीने बडवून हाकलले, आणि ‘तो माझा मित्र आहे’ असे सांगून बॉस्को यांनी त्याला परत बोलाविले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पोप नववे पायस यांच्या इच्छेवरून ज्या आठवणींत बॉस्को यांनी तो लिहिला, त्या तीस वर्षांनंतरच्या आहेत; म्हणून त्यातील तपशील जपून घ्यावेत. मात्र काठी चर्चमधलीच होती, हा तपशील लेखकाने गाळला नाही, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पुढली काही वर्षे भटकंतीची गेली. मुलांच्या गोंगाटाला शेजारी कंटाळत, नगराधिकाऱ्यांना या जमावात राजकारणाचा वास येई. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्दोक्को येथील पिनार्दी नावाच्या गृहस्थाच्या पडवीत त्यांना स्थिर जागा मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांची विधवा आई मार्गारेट गावचे घर सोडून तेथे राहावयास आली. आपल्या ग्रंथांतून त्या माउलीला दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही, हे बरे नव्हे. रात्री फाटके कपडे शिवणारी आणि परसातील भाजी तुडवली म्हणून मुलांवर रागावणारी ही बाई १८५६ साली निवर्तली, तोवर त्या घराचे घरपण तिच्यामुळे टिकले.

आम्हांला या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती मात्र कोणत्याही चित्रात रंगविलेली नाही. ती म्हणजे १८५१-५२ पासूनचे उमेदवारीचे करारनामे. मुलाला कामावर ठेवताना बॉस्को मालकाशी मुद्रांकाच्या कागदावर लेखी करार करीत आणि स्वतः त्यावर सही करीत. १८५२ च्या फेब्रुवारीतील एका सुतारकामाच्या करारात मालकाने मुलाला धंदा नीट शिकवावा, चूक झाल्यास शब्दांनीच समज द्यावी, मारू नये, धंद्याशी संबंध नसलेली हलकी कामे सांगू नयेत आणि सणाचे दिवस मोकळे ठेवावेत, अशा अटी आहेत. मुलानेही आज्ञाधारक व कष्टाळू राहण्याचे वचन दिले आहे. येथे उपदेशाला कायद्याची जोड मिळाली. पुढे १८५३ पासून शिंपीकाम, चांभारकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम आणि मुद्रण यांच्या कार्यशाळा घरातच निघाल्या, तेव्हा परक्या मालकाची गरजच कमी झाली.

योगायोग असा, की आपल्याकडेही ब्रिटिश सरकारने १८५० साली उमेदवारीचा कायदा करून अनाथ व गरीब मुलांना धंदेशिक्षणास लावण्याची सोय केली होती, आणि १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाचे सुधारगृह निघाले. प्रश्न एकाच वेळी दोन्हीकडे उभा राहिला होता. बॉस्को यांचे अनुयायी १९०६ साली तंजावरला, १९२८ साली मुंबईला आणि १९४६ साली गोव्यात पणजीला पोहोचले.

मुलांपैकी एकाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मिकेले मागोने हा कार्मान्योला स्थानकाजवळ धुडगूस घालणाऱ्या पोरांचा ‘सेनापती’. बाप वारलेला, शाळेतून हाकललेला. १८५७ च्या शरदात बॉस्को यांनी त्याला स्थानकावर गाठले आणि लवकरच तो वाल्दोक्कोला आला. काही आठवडे मजेत गेल्यावर तो एकाएकी उदास झाला. खेळेना, कोणाशी बोलेना. बॉस्को यांनी त्याला पापनिवेदनासाठी ओढून नेले नाही. ते त्याच्याशी बोलले, वाट पाहिली, आणि मन मोकळे करण्याची वेळ त्यालाच ठरवू दिली. मागोने जानेवारी १८५९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षात, वारला. १८६१ साली बॉस्को यांनीच त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी त्याचा दांडगेपणा लपविला नाही; सेनापतीचे गुण चांगल्या कामी लावता येतात, असेच त्यांना दाखवावयाचे होते.

याउलट, १८५५ साली जनेरालातील शेकडो मुलांना पहारेकऱ्यांशिवाय दिवसभर सहलीस नेऊन संध्याकाळी एकूणएक परत आणल्याची जी कथा आपण आवडीने सांगतो, तिच्याविषयी इतिहासकारांनी शंका व्यक्त केल्या आहेत. प्रवचनात ती सांगणाऱ्याने एवढे भान ठेवावे. करारनाम्यांचे कागद मात्र शिल्लक आहेत.

१८७७ साली फ्रान्समधील नीस येथील संस्थेच्या उद्‌घाटनानिमित्त बॉस्को यांनी आपली पद्धती एका छोट्या पुस्तिकेत मांडली. गुन्हा घडल्यावर शिक्षा करणारी ती दमनाची रीत; आणि नियम आधी समजावून, प्रेमळ देखरेखीने मुलाला चुकण्याची वेळच येऊ न देणारी ती प्रतिबंधाची रीत. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार. ‘देखरेख’ या शब्दाचा अर्थ पहारा असा घेतला, तर ही पद्धती सहज तुरुंगाचीच धाकटी बहीण होऊ शकते, हा धोका आम्हांला खरा वाटतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांबाबत प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट ठेवली आहे. तेव्हा दमन आणि प्रतिबंध हा वाद आपल्यापुरता मिटलेला नाही.

तो वाल्दोक्कोतही मिटला नव्हता. १० मे १८८४ रोजी, मृत्यूच्या चार वर्षे आधी, बॉस्को यांनी रोमहून आपल्या घराला पत्र पाठविले. स्वप्नात त्यांना दोन अंगणे दिसली होती. जुन्या अंगणात धर्मगुरू मुलांबरोबर धावत होते. नव्या अंगणात मुले कंटाळून भिंतींना टेकली होती आणि धर्मगुरू बाजूला आपापसांत बोलत उभे होते, किंवा दुरून लक्ष ठेवीत होते. मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, ते त्यांना जाणवलेही पाहिजे, असे त्यांनी लिहिले. या पत्राच्या दोन आवृत्त्या झाल्या. लहान आवृत्ती मुलांना वाचून दाखविण्यात आली. मोठी, अंगणात दुरून उभे राहणाऱ्यांविषयीची, त्या घरच्या धर्मगुरूंसाठी होती.