उंबरठा आणि विहीर : मराठी भयकादंबरीविषयी एक टिपण

मराठी कादंबरीच्या इतिहासात अद्भुताला जागा मिळते ती पहिल्या प्रकरणात, आणि त्याचा निकालही तिथेच लागतो. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) एका बाजूला; लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘रत्नप्रभा’ (१८६६) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणी आहे. हरिभाऊ आपट्यांनंतर संभाव्यता हाच कादंबरीचा निकष ठरला. भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ (१८७१) यांवरून तीन प्रवृत्ती कल्पिल्या. ‘टीकास्वयंवर’ (१९९०) मधून ती विभागणी आमच्या पिढीच्या अध्यापनात पक्की रुजली. तिचे मोल मी नाकारीत नाही. मात्र ‘मुक्तामाले’चे गोत्र एकदा रंजनाचे ठरल्यावर त्या गोत्रातली पुढची पुस्तके न वाचताच बाजूला ठेवण्याची सोय झाली. मीही ती सोय अनेक वर्षे घेतली.

गेल्या सुटीत आटपाडीच्या घरी नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ या कादंबऱ्या सलग वाचल्या. ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट आल्यापासून विद्यार्थी धारपांविषयी विचारू लागले होते आणि माझ्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते, हे या वाचनाचे खरे कारण. दोन्ही कादंबऱ्यांवरील स्टीफन किंग यांचे ऋण सर्वज्ञात आहे : पहिलीवर ‘सेलम्स लॉट’ (१९७५) चे, दुसरीवर ‘इट’ (१९८६) चे. ‘शपथ’मधील बालपणीच्या भीतीचा भाग मला मोठेपणीच्या संघर्षापेक्षा कितीतरी सरस वाटला. धारपांचे गद्य साधे, जवळजवळ हिशेबी आहे, आणि म्हणूनच ते परिणाम करते. विशेषणांचा मारा करणाऱ्या आमच्या कित्येक प्रतिष्ठित कादंबरीकारांनी त्यांच्याकडून थोडे शिकायला हरकत नव्हती. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची गूढकथा कलादृष्ट्या अधिक रेखीव आहे हे खरे. परंतु तिचे क्षेत्र मुख्यत्वे कथेचे असल्याने येथे तिचा विचार करीत नाही.

तोदोरोव्ह यांनी अद्भुताची व्याख्या १९७० मध्ये वाचकाच्या संभ्रमावरून केली : घडलेल्या घटनेचे स्पष्टीकरण नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हे जोवर ठरत नाही तोवरच अद्भुत टिकते. या कसोटीवर धारपांचे पूर्वार्ध टिकतात, उत्तरार्ध ढासळतात. त्यांच्या ‘समर्थ’ कथामालिकेत तर संभ्रमाला फारसा अवकाशच राहत नाही. अधिकारी पुरुष येतो, अनिष्टाचे नाव सांगतो आणि घर पूर्ववत करतो.

परंतु ‘लुचाई’ वाचताना मला अडले ते निराळ्याच ठिकाणी. रक्तपिपासू पिशाच्चाविषयीचा पाश्चात्त्य संकेत असा, की कोणी आत बोलावल्याखेरीज त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. या संकेतामागे एक गृहीत आहे. जिवंत माणसाला दार उघडे असते, बंदी असते ती केवळ मृताला. मराठी गावात हे गृहीत लागू पडत नाही. येथे जिवंत माणसांनाच पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्याबाहेर थांबवले गेले. मग असे भय मराठी गावात आणताना उंबरठ्याचा अर्थ बदलायला नको का? मला तो बदललेला आढळला नाही. गावाचा पोशाख बदलला, रचना परकीच राहिली. रूपांतरित वाङ्मयाची आपली चिकित्सा मूळ कृती शोधून काढण्यापाशी थांबते. असे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात.

हा प्रश्न मला आटपाडीत सुचावा, यात नवल नाही. १९४८ पर्यंत औंध संस्थानात असलेले, पुढे दक्षिण सातारा आणि आज सांगली जिल्ह्यात मोडणारे हे गाव शंकरराव खरातांचे. त्यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनात विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आहे. गावकीच्या कामावर असलेले वडील प्रेताची राखण करतात आणि हुकूम सुटल्यावर स्वतः विहिरीत उतरतात. काठावर मुलगा उभा आहे. भयकथेची सारी सामग्री येथे हजर आहे : विहीर, प्रेत, असहाय मूल. पण मुलाची भीती प्रेताविषयीची नाही. ती वडिलांच्या जिवाची आहे. वडिलांना विहिरीत ढकलणारी शक्ती कोणती, याविषयी तोदोरोव्हप्रणीत संभ्रमाला जागाच नाही. तिला हुद्दा आहे, आणि तिची हाक भर दिवसा येते.

या प्रसंगाला भयकथा म्हणणे अन्यायाचे होईल, असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला. आत्मकथनातील सत्याला रंजनाच्या कप्प्यात ढकलू नये, हे त्यांचे म्हणणे मला पटते. माझे म्हणणे उलट दिशेचे आहे. भयाचा विचार आपण रंजनाकडे सोपवून दिला, म्हणून खरातांच्या त्या पानांवर भय कसे रचले गेले आहे हे पाहायला आपल्याकडे परिभाषाच उरली नाही. सामाजिक दस्तऐवज म्हणून आपण ती पाने शिकवतो. विहिरीच्या काठावरून मूल काय पाहते आणि लेखक काय दाखवायचे राखून ठेवतो, हे वर्गात क्वचितच बोलले जाते. पुढील सत्रात ‘लुचाई’ आणि ‘तराळ-अंतराळ’मधील हे प्रकरण पदव्युत्तर वर्गासमोर एकत्र ठेवणार आहे. सहकाऱ्यांचा आक्षेप अजून कायम आहे.