वादविधानांचे ऐतिहासिक कार्य : विटेनबर्ग (१५१७) आणि पेट्रोग्राड (१९१७)

प्रस्तावना :
मध्ययुगीन युरोपीय विद्यापीठांत क्रमांकित विधाने मांडून त्यांवर जाहीर वाद करण्याची प्रथा होती. ही विधाने म्हणजे मांडणाऱ्याचा अंतिम सिद्धांत नसे. ती खंडनमंडनासाठी मांडलेली असत. आपल्याकडील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या परंपरेशी परिचित असणाऱ्यांना यामागील भूमिका सहज कळेल. या विद्यापीठीय साधनाचे धार्मिक व राजकीय संघर्षातील कार्य दोन उदाहरणांद्वारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विटेनबर्ग :
मार्टिन ल्यूथरने सप्टेंबर १५१७ मध्ये विद्यापीठीय ईश्वरशास्त्राविरुद्ध ९७ विधाने मांडली होती. त्यांतील टीका मूलगामी असूनही विद्यापीठाबाहेर तिची फारशी दखल घेतली गेली नाही. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी त्याने क्षमापत्रांविषयीची ९५ विधाने माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्ट यांना पाठविली. ती चर्चच्या दारावर ठोकल्याच्या प्रसिद्ध कथेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. उपस्थित राहू न शकणाऱ्यांनी लेखी मत द्यावे, असे आवाहन मात्र विधानांच्या आरंभीच आहे.

दोन्ही मांडण्यांचे स्वरूप एकच असता परिणामांत एवढा फरक का पडला? क्षमापत्रांचा प्रश्न सामान्य भाविकाच्या मोक्षाशी आणि पैशाशी निगडित होता, हे पहिले कारण. दुसरे कारण मुद्रणकला. वर्ष संपण्यापूर्वीच ही लॅटिन विधाने न्यूरेंबर्ग, लाइप्झिग व बाझेल येथे छापली गेली. छापील पानावर वादसभेचा संदर्भ मागे पडला आणि चर्चेसाठीची विधाने घोषणापत्राप्रमाणे वाचली जाऊ लागली. योहान टेट्झेलने १५१८ मध्ये प्रतिविधाने मांडून, तर योहान एकने १५१९ मध्ये लाइप्झिगच्या जाहीर वादात प्रत्युत्तर दिले. पुढे जून १५२० च्या पोपच्या आज्ञापत्रात ल्यूथरच्या लेखनातील ४१ विधाने निषिद्ध ठरविण्यात आली. ज्या सुट्या वाक्यांच्या पद्धतीने विचारस्वातंत्र्याला आडोसा दिला, तीच आता आरोपपत्राच्या उपयोगी पडली.

पेट्रोग्राड :
चारशे वर्षांनंतर, एप्रिल १९१७ मध्ये लेनिनने दहा विधाने मांडली. हंगामी सरकारला पाठिंबा नाही आणि सत्ता सोव्हिएतांकडे, हा त्यांचा गाभा होता. 'प्रावदा'ने ती प्रसिद्ध केली. परंतु दुसऱ्याच दिवशी कामेनेव्हने ते लेनिनचे वैयक्तिक मत असल्याचे त्याच पत्रातून स्पष्ट केले. तथापि महिनाअखेरच्या पक्षपरिषदेत त्यांतील मुख्य भूमिका स्वीकारली गेली. येथेही विधाने आधी चर्चेचा विषय ठरली. मात्र स्वीकृतीनंतर ती पक्षाची दिशा बनली.

निष्कर्ष :
क्रमांकित विधान नेमके असते. म्हणूनच ते नाकारणे वा स्वीकारणे शक्य होते. परंतु त्याचे मोल प्रतिपक्षाला उत्तराचा अधिकार असेपर्यंतच टिकते. तो अधिकार संपला की विधानाची आज्ञा होते किंवा अपराध. वादविधानांचा इतिहास लिहिताना विधानांच्या आशयाइतकेच वादसभेच्या अस्तित्वाकडेही लक्ष देणे म्हणूनच अगत्याचे आहे.