मॉरिशसमधील मराठी वस्ती : करारापासून जमिनीपर्यंत

गुलामगिरी रद्द करणारा ब्रिटिश कायदा १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये अमलात आला, परंतु तेथील मळेवाल्यांनी उसाच्या कामासाठी हिंदुस्थानी मजूर आणण्यास त्याआधीच, म्हणजे नोव्हेंबर १८३४ मध्ये, प्रारंभ केला होता. पुढील आठ दशकांत जवळपास पाच लाख माणसे या बेटावर उतरली. त्यांपैकी बहुसंख्य कलकत्ता व मद्रास या बंदरांतून आली. मुंबईहून आलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी असून त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा आणि कोल्हापूर या मुलखांतील मराठी भाषकांचा भरणा होता. कोकणातील तुटपुंजी भातजमीन आणि खोतांचा वसूल यांमुळे पोटासाठी गाव सोडणे तेथील कुणब्यांना नवे नव्हते. नवे होते ते समुद्रापलीकडचे अंतर, आणि ते मजूर भरती करणाऱ्या मुकादमाने कितपत खरे सांगितले असेल याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

या मजुरांना बांधणारा करार 'गिरमिट' या नावाने ओळखला जाई. त्यानुसार महिना सुमारे पाच रुपये मजुरी, त्यासोबत तांदूळ, डाळ व मीठ असा शिधा आणि ठरावीक वर्षांची चाकरी अशी बोली असे. कागदावर ही बोली न्याय्य दिसते. प्रत्यक्षात एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची तरतूद होती, आणि मजुरावर थेट हुकूम चालवणारा सिरदार, म्हणजे टोळीचा हिंदुस्थानी मुकादम, हाच कित्येकदा सावकारही असे. परतीचा फुकट प्रवास सुरुवातीच्या वर्षांत करारात होता; १८५० च्या दशकाच्या प्रारंभी तो बंद करण्यात आला. आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकच मायदेशी परतले, असे मानले जाते.

तथापि जे राहिले त्यांनी स्थायिक व्हावे अशी सरकारची किंवा मळेवाल्यांची इच्छा होती, असे समजणे चुकीचे ठरेल. करार संपलेल्या मनुष्याने पुन्हा करार करावा, एवढेच त्यांना हवे होते. अशा मनुष्यास दप्तरात 'जुना स्थलांतरित' म्हणत. १८६७ च्या कायद्याने त्याला छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगणे भाग पाडले, आणि परवान्याविना सापडलेल्याला भटक्या ठरवून शिक्षा होऊ लागली. शेजारच्या गावी पाहुणा म्हणून जाणाऱ्या मजुरालाही त्यामुळे पोलिसांचे भय वाटे. आदोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय गृहस्थाने १८७१ मध्ये हजारो जुन्या स्थलांतरितांच्या वतीने गव्हर्नरकडे अर्ज केला. मळेवाल्यांचा रोष त्याने ओढवून घेतला खरा, पण त्यातूनच नेमल्या गेलेल्या शाही आयोगाने १८७५ च्या अहवालात या छळाची सविस्तर नोंद केली.

वस्ती खऱ्या अर्थाने रुजली ती दयेमुळे नव्हे, तर साखरेच्या बाजारामुळे. युरोपात बीटपासून काढलेली साखर वाढू लागली, १८६६-६७ च्या हिवतापाच्या साथीने बेट हादरले, आणि कमी कसाची जमीन बाळगणे मोठ्या मळ्यांना परवडेनासे झाले. तेव्हा त्यांनी कडेचे तुकडे पाडून ते हप्त्यांनी विकण्यास सुरुवात केली. या तुकडेविक्रीला फ्रेंचमध्ये 'मोर्सेलमां' म्हणतात. विकत घेणारे बहुधा साठवलेला पैसा बाळगणारे हिंदुस्थानी असत, आणि व्यवहार जुळवून देणारा मध्यस्थ अनेकदा तोच सिरदार असे, ज्याच्या कर्जाचा पूर्वी धाक वाटे. अशा तुकड्यावर ऊस लावून तो जवळच्या कारखान्याला घालणारा छोटा शेतकरी यातूनच उभा राहिला. मुंबई इलाख्यातील लोक, विशेषतः पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि वाकोआ परिसरात, एकमेकांच्या आधाराने राहू लागले. कास्काव्हेल हे गाव आजही मराठी वस्तीसाठी ओळखले जाते.

जमिनीनंतर देव व मंडळी आली. जमातीच्या बैठका सायंकाळी भरत, तेथे भजने होत आणि मुलांना अक्षरओळखही होई. कोकणातील जाखडी, म्हणजे ढोलकीच्या ठेक्यावर फेर धरून केला जाणारा नाच, येथे 'झाकरी' या नावाने टिकला, आणि गणेशोत्सवातील मूर्तींचे विसर्जन नदी-समुद्रात होऊ लागले. त्या दिवशी आज देशात सार्वजनिक सुट्टी असते. घरातली बोली मात्र त्याच गतीने टिकली नाही. मळ्यावर भोजपुरी आणि गावात क्रिओल, म्हणजे फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली स्थानिक बोली, अशी दुहेरी गरज असल्याने मराठी हळूहळू देवघरापुरती व नंतर शाळेतील ऐच्छिक विषयापुरती उरली, आणि जमातीच्या बहुसंख्य घरांत आज क्रिओलच बोलली जाते.