पोटातली दुर्बीण

नांदेड-देगलूरकडचा माणूस, पोटदुखी हटेना झाली की हैदराबाद गाठतो. गावच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलेलं असतं, गोळ्या खाऊन झालेल्या असतात, सोनोग्राफीही झालेली असते. आता ‘दुर्बीण घालायची’ असते. रात्रीपासून उपाशी पोट, घशात बधिर करणारा फवारा, आणि करंगळीएवढी जाड लवचीक नळी तोंडातून जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते. काही मिनिटांत काम संपतं. तिथवर पोचायला वैद्यकाला दीडशे वर्षं लागली.

अडचणी दोनच होत्या. वाट वाकडी आणि आत अंधार.

फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी यांनी 1806 मध्ये मेणबत्तीचा उजेड आरशाने शरीराच्या पोकळीत पाडून पाहिला. जठर त्यांच्या आवाक्याबाहेरच राहिलं. फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल यांना 1868 मध्ये मदत झाली ती तलवार गिळून दाखवणाऱ्या खेळकऱ्याची. मान मागे टाकली की तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत येतात, हे त्या माणसाने पोट भरण्यासाठी शिकून घेतलं होतं. कुसमाउल यांनी त्याच्या घशातून 47 सेंटिमीटरची सरळ, ताठ नळी जठरात उतरवली. नळी पोचली, उजेड मात्र पुरला नाही. तरीही पहिली वाट खेळकऱ्याने दाखवली, आणि ते श्रेय त्याचंच आहे.

म्युनिकचे रुडॉल्फ शिंडलर यांनी 1932 मध्ये थोडी वाकणारी, आत भिंगांची माळ असलेली नळी तयार करवून घेतली. नाझींनी त्यांना अटक केली. सुटल्यावर 1934 मध्ये ते शिकागोला गेले आणि तिथे ही तपासणी त्यांनी रुजवली.

खरी कोंडी फोडली काचेच्या धाग्यांनी. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधले मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये दाखवून दिलं, की धाग्यांची जुडी वाकवली तरी चित्र दुसऱ्या टोकाला पोचतं. पण एका धाग्यातला उजेड शेजारच्या धाग्यात झिरपे. मिशिगनच्या लॉरेन्स कर्टिस यांनी प्रत्येक धाग्यावर वेगळ्या काचेचं आवरण चढवलं आणि ती गळती थांबली. फेब्रुवारी 1957 मध्ये त्यांचे सहकारी बॅसिल हिर्शोविट्झ यांनी अशा धाग्यांची नळी आधी स्वतः गिळली, आणि मगच रुग्णाला दिली.

पुढे नळीतून चिमटा घालून जठराच्या अस्तराचा तुकडा काढता येऊ लागला. अशाच तुकड्यांत ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना वळणदार जिवाणू सापडले. तोवर अल्सरचा, म्हणजे अस्तरातल्या जखमेचा, दोष आम्लावर, तिखटावर आणि काळजीवर टाकला जाई; खरे दोषी बहुतेकदा हे जिवाणू निघाले. या शोधाला 2005 चं नोबेल मिळालं, आणि वर्षानुवर्षं कळा सोसणारे असंख्य रुग्ण प्रतिजैविकांच्या छोट्या कोर्सने बरे होऊ लागले. या कुळकथेतला सर्वांत मोठा फायदा हाच.

हैदराबादचं नाव या कथेत ठळक झालं ते डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीमुळे. पाहण्याच्या नळीतून उपचार करण्याची कला इथे वाढली. पित्तनलिकेतला खडा पोट न फाडता काढणं इथलं नित्याचं काम झालं. 2004 च्या सुमारास डॉ. जी. व्ही. राव आणि रेड्डी यांनी तर पोटाची कातडी भाजलेल्या रुग्णाचं अपेंडिक्स जठरातून वाट करून, तोंडावाटे काढलं. तो मार्ग सर्रास रूढ झाला नाही, पण जगभरच्या शल्यचिकित्सकांना त्याची दखल घ्यावी लागली. 2021 मध्ये रेड्डींना शिंडलर यांच्या नावाचा अमेरिकी पुरस्कार मिळाला.

एवढं असूनही स्वादुपिंडाची सूज, मूत्रमार्गातला खडा, किंवा हृदयविकाराच्या झटक्यात वरच्या पोटात उठणारी कळ जठरातल्या दुर्बिणीला दिसत नाही. म्हणून चांगला डॉक्टर आधी विचारतो: कळ जेवणाआधी येते की नंतर, पाठीकडे जाते का, झोपेतून उठवते का, शौचाला काळी होते का, वजन उतरलंय का? अपेंडिक्सची शंका असेल तर त्याचं बोट कमरेच्या हाडाच्या उजव्या टोकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक तृतीयांश अंतरावर टेकतं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी ती जागा 1889 मध्ये नोंदवली होती.